पट जिथे थांबतो

धान कापून खळ्यावर गेलं, की आंबागडच्या पायथ्याच्या बांध्या मोकळ्या पडतात. दिवाळी सरताच मंडई सुरू होते, दंडार रंगते आणि पानठेल्यांवर बैलजोड्यांच्या शर्यतींची, ‘जंगी इनामी शंकरपट’ अशी पोस्टरं झळकू लागतात. बंदीची वर्षं सोडली, तर तीसेक वर्षं मी पट चुकवलेला नाही. पण जोडी सुटते ती जागा किंवा निकालाची रेषा मला ओढत नाही. माझी नजर असते रेषेच्या पुढच्या जमिनीवर, जिथे जोडी थांबते. किंवा थांबत नाही.

हा नाद मामाने लावला. मामाचं शेत तुमसर तालुक्यातलं, आंबागड किल्ल्याच्या अंगाला. गोंड राजा बख्त बुलंद याच्या राजवटीत, 1700च्या सुमारास बांधलेला हा किल्ला पुढे नागपूरकर भोसल्यांनी कैदखाना म्हणून वापरला. मामा बैलांना चाल द्यायचा तेव्हा मी किल्ल्याकडे तोंड करून बांधावर बसलेला असायचो. जोडी सोडायच्या आधी मामा एक काम न चुकता करायचा. धावपट्टीच्या पलीकडची बांधी तो वखरून घ्यायचा. नांगरून नाही, वखरून. “नांगरलं त बैलाचा पाय मोडन,” तो सांगायचा. “चार बोटं माती मोकळी पायजे. बैलाले आपोआप कळते का आता धावाचं नाही.”

त्या चार बोटं मातीचा अर्थ मला फार पुढे, चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर कळला. एका मित्राने स्वतःची गाडी तिथे पळवायचं ठरवलं होतं. हौशी लोकांसाठी असे दिवस ठेवतात. तुमची गाडी, तुमचं हेल्मेट, सकाळी अर्धा तास समजावणी, मग ट्रॅक मोकळा. पिवळा झेंडा दिसला की पुढे धोका आहे, वेग कमी करायचा, कोणाला ओलांडायचं नाही. लाल झेंडा दिसला की सगळ्यांनी सावकाश परत यायचं. मित्र गाडीच्या टायरची हवा तपासत होता तेवढ्यात मी कठड्यापाशी गेलो. एका वळणाच्या बाहेर बारीक गोट्यांचा पट्टा पसरलेला होता. वाकून हात घातला तर बोटं सहज आत गेली. मला एकदम मामाची वखरलेली बांधी आठवली. ताबा सुटलेली गाडी या गोट्यांत शिरते, चाकं रुततात, वेग मातीत जिरतो. मामाला हे कोणी शिकवलं नव्हतं.

आणि मामाने नांगर का टाळला, तेही तिथेच उमगलं. गोट्यांचा थर चुकला तर आडवी आलेली गाडी त्यात चाक अडकून उलटते. म्हणूनच आता कित्येक मोठ्या ट्रॅकवर गोट्यांऐवजी रुंद डांबरी मोकळी जागा ठेवतात, ब्रेक लागायला जमीन मिळावी म्हणून. दोन्ही बाजूंचे वाद आहेत. माझं मत विचाराल तर हौशी माणसासाठी मोकळी जागा जास्त हवी, कारण त्याला ब्रेक कधी दाबायचा हे अजून पायात उतरलेलं नसतं. हिशेब सोपा आहे. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. ताशी 120 म्हणजे सेकंदाला 33 मीटर. माणूस दचकून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत सेकंदभर गेला, तर गाडी तेवढी पुढे गेलेली असते, आणि ब्रेकने अजून काम सुरूही केलेलं नसतं. त्यात वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. बैलांच्या छकड्याला तर ब्रेकच नाही. हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या हातात कासरा, आणि कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं मन असलेले दोन जीव.

मी बारा वर्षांचा असताना दुसऱ्या एका गावच्या पटात हे डोळ्यांनी पाहिलं. पट्टीसाठी बांध्यांचे धुरे, म्हणजे मधले बांध, फोडून जमीन सपाट केली होती, पण निकालाच्या रेषेनंतर तीसेक पावलांवरचा धुरा तसाच ठेवलेला होता. त्याच्या आडोशाला सायकली लावलेल्या, एक चहावाला स्टोव्ह पेटवून बसलेला. जोडी रेषा ओलांडून आली ती वाऱ्यासारखी. धुरकऱ्याने कासरा ओढला. उजवा बैल धुरा पाहून वळला, डावा वळला नाही. छकडा उलटला. धुरकरी जुवाखाली, चहाची किटली कुठल्या कुठे. मामाने डोक्याचा दुपट्टा सोडून धुरकऱ्याचा हात गळ्यात बांधला तेव्हा त्याच्या गळपट्टीचं हाड वर आलेलं मला दिसलं. आणि मागे, रेषेपाशी, लोक अजून शिट्ट्या वाजवत होते. तिकडे कोणाला काही कळलंच नव्हतं. ते दोन आवाज मी अजून एकत्रच ऐकतो.

त्या दिवसापासून जगभरच्या शर्यतींचं जे जे हाती लागलं ते मी याच नजरेने वाचलं. 11 जून 1955, फ्रान्समधलं ल मां. पिअर लव्हेगची मर्सिडीज पुढच्या गाडीवर आदळून उडाली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. 80हून अधिक माणसं गेली. गाड्यांचा वेग वाढत गेला होता, पण लोकांच्या आणि रस्त्याच्या मध्ये काय आहे, याकडे त्या वेगाने कोणी पाहिलं नव्हतं. 1957मध्ये इटलीतल्या मिले मिलियात दे पोर्तागोची गाडी उघड्या रस्त्यावर लोकांत शिरली; नऊ प्रेक्षक मेले, त्यात पाच मुलं. ती शर्यत त्या रूपात पुन्हा झाली नाही. आणि 1966मध्ये बेल्जियममधल्या स्पा इथे पावसात जॅकी स्टुअर्टची गाडी रस्त्याबाहेर गेली. तो स्टिअरिंगखाली अडकला, अंगावर पेट्रोल गळतंय, आणि सोडवायला आलेल्या ग्रॅहम हिलला पाना एका प्रेक्षकाकडून मागून आणावा लागला. पंचवीसेक मिनिटं तो तसाच होता. पुढे स्टुअर्टने पट्टे, कठडे, डॉक्टर यांसाठी आयुष्यभर भांडण केलं. त्या मागून आणलेल्या पान्यापाशी मी नेहमी अडखळतो. जगातले सर्वोत्तम चालक, आणि पाना कोणी ठेवायचा हेच ठरलेलं नाही!

आपल्या पटांच्या कायद्याचं थोडक्यात सांगतो. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली, 2017मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला, 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. बैलाचा छळ होऊ नये, हा या सगळ्याचा गाभा आहे, आणि तो मला मनापासून मान्य आहे. आर टोचून पळवलेला बैल जिंकला तरी मी त्याला जिंकला म्हणणार नाही.

पण माणसाचं काय, हे पट कमिटीलाच पाहावं लागतं, आणि तिथे मला बोलायचं आहे. ट्रॅकवर हौशी चालकाकडून कागदावर सही घेतात: जे होईल ते माझ्या जबाबदारीवर. माझ्या मित्रानेही केली. सही करणाऱ्याने स्वतःपुरतं ठरवलं, पण कठड्याबाहेरच्या पोराने कशावर सही केली? चालकाने आपला वेग आवरावा, मालकाने न शिकलेली जोडी पटावर आणू नये, दारू प्यालेल्या धुरकऱ्याला जोडीमागे बसू देऊ नये. एवढं सगळं झालं तरी जमीन राहते. जमीन कमिटीची. दोर बांधला म्हणजे कुंपण झालं, असं समजतात. गर्दी दोर ढकलत पुढे येते आणि पट्टी शेवटाकडे निमुळती होत जाते, मोबाईल धरलेले हात आत आलेले असतात. माझं म्हणणं एवढंच, की पट्टी आखताना माप सुरुवातीकडून घेऊ नये. आधी थांबायची जागा मोजावी, धुरे फोडावे, माती वखरावी, मग मागे मागे येत जोडी सोडायची जागा ठरवावी. बक्षिसाची रक्कम हजाराने कमी झाली तरी चालेल.

मामा आता ऐंशीकडे झुकलाय. जोडी केव्हाच विकली. तरी मागच्या वर्षी शेजारच्या गावच्या पटाला मी त्याला मोटरसायकलवर बसवून नेलं. तो थेट पट्टीच्या टोकाला गेला. काठीने माती टोचून पाहिली, उकिडवा बसून एक ढेकूळ हातात चुरलं. पुढे एका पोराने ऑम्लेटची गाडी लावली होती. मामा त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, “बाबू, तुही गाडी तिकडं घे, आंब्याखाली. गिऱ्हाईक तिकडंबी येतेत.” पोरगं जरा बघत राहिलं. मग त्याने स्टोव्ह विझवला, अंड्यांचा ट्रे माझ्या हातात दिला, आणि आम्ही तिघं गाडी ढकलत आंब्याकडे निघालो. पहिली जोडी अजून सुटायची होती.