उजाडेपर्यंतच्या कथा

रामायण, महाभारत आणि पुराणं मराठी माणसाला पोथीपेक्षा जागरणांच्या रात्रींतून अधिक कळली, असं मला ठामपणे वाटतं. तळकोकणात दशावतार, घाटावर गोंधळ आणि खंडोबाचं जागरण, जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा: प्रत्येकाचा बाज निराळा, पण वेळेचं माप एकच, रात्र. देवाला बोलवायचं, त्याची कथा त्याच्याच पुढ्यात मांडायची आणि झुंजुमुंजू होताना त्याला निरोप द्यायचा.

गोंधळात चौक भरतात, घट मांडतात, दिवटी पेटते. मग तुळजापूरच्या भवानीपासून जेजुरीच्या खंडोबापर्यंत सगळ्या देवांना नावानिशी आवतन जातं. संबळाच्या साथीनं आख्यान लागतं ते त्यानंतर. जागरणात वाघ्या-मुरळी दिमडी आणि घोळावर मल्हारीची कथा गातात. मणी आणि मल्ल या दैत्यांचा वध संस्कृत माहात्म्यातही आहे. बाणाईला मात्र सांभाळलं ते लोकांनी. धनगराच्या या लेकीसाठी जेजुरीचा राजा वेष पालटून तिच्या घरी चाकरीला राहतो, मेंढरं राखतो. पुढे वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई समोरासमोर येतात, तेव्हा सवतींच्या भांडणात जात, धंदा, खाणंपिणं सगळं निघतं. देवाच्या घरातलं हे भांडण बायका मन लावून ऐकतात, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य त्यांच्या ओळखीचं असतं.

दशावताराकडे जरा थांबूनच बघायला हवं. सुगी आटोपली की सिंधुदुर्गात आणि गोव्यात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि मंडळी देवळापुढे उतरतात. आधी आडदशावतार: सूत्रधार, गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, आणि मग वेद पळवणारा संकासुर. अंगभर काळा वेष, तोंडावर काळं कापड, त्यावर रंगवलेले डोळे, आणि तोंडी अस्सल मालवणी. एरवी देव आणि राजे नाटकी प्रमाण मराठीत बोलतात. गावातल्या लोकांची फिरकी घेतो तो राक्षसच, म्हणून पोरांना तोच सगळ्यांत जवळचा. विष्णू त्याला मारतो आणि उत्तररंगात आख्यान उभं राहतं.

या आख्यानाला लेखी संहिता नसते. मालक किंवा जाणता नट कथा सांगतो, पात्रं वाटली जातात, तोंड रंगवता रंगवता कुणी कुठे यायचं ते ठरतं. संवाद रंगमंचावरच सुचायचे. पायपेटी आणि मृदंगावर हुकमत असलेल्या जाणकार साथीदारांना नटाच्या श्वासावरून कळतं, की आता पद येणार. समोरच्यानं पेच टाकला तर पुराणातला दाखला देऊन तो सोडवावा लागतो, त्यामुळे शाळा अर्धवट सोडलेल्या नटाचंही पुराणांचं पाठांतर थक्क करतं. पहाटे दहीकाला होतो, हंडी फुटते.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. भाव्यांनी रचली ती पदं. गद्य संवाद दशावतारासारखेच नटांनी आयत्या वेळी बोलायचे. मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना हा धागा आपण फार भरभर ओलांडतो.

बोहाड्यात मुखवटे घालून संबळाच्या तालावर एकेक सोंग नाचत येतं. कोणतं सोंग कुणाच्या घराण्याचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे करत रामकथा गातात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

मला खुपतं ते काळाचं कापणं. शहरातल्या महोत्सवात गोंधळाला पंधरा मिनिटं मिळतात, तेव्हा संबळ राहतो, दिवटी राहते, आख्यान गळतं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, त्यामागचं कारण रास्त आहे. पण देवळाच्या आवारात भोंग्याशिवायही नटाचा आवाज पोचत असे. ट्रिकसीनच्या दशावतारांना गर्दी होते याबद्दल माझी तक्रार नाही. धूर आणि दिव्यांच्या खेळात नटाची बोलायची जागा आकसते, ही तक्रार आहे. रावणाला आपली बाजू मांडायला अर्धा तास मिळाला, तरच त्याच्या पराभवाला वजन येतं.

आता मोबाइलवर प्रयोगच्या प्रयोग चित्रित होतात आणि नवे नट जुन्यांची वाक्यं त्यावरून उचलतात. चित्रण करणाऱ्यांना एवढीच विनंती, की कॅमेरा आख्यानापाशी सुरू करू नका. रंगपटात कथा सांगितली जाते तिथून सुरू करा आणि हंडी फुटेपर्यंत चालू ठेवा.