घोरण्याचं कौतुक

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एका घरी पग जातीचा कुत्रा आहे. दुपारी जिना चढताना त्या घराच्या बंद दाराआडून घोरण्याचा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, आजोबांचा डोळा लागला असेल. नंतर कळलं, आजोबा पेपर वाचत बसले होते. घोरत होता तो सात-आठ किलोचा कुत्रा. घरातली माणसं कौतुकानं सांगतात, ‘‘आमच्या राजासारखं घरात कुणीच घोरत नाही!’’ मीही हसलो. पुढं या जातीविषयी वाचत गेलो, तसं ते हसू ओसरत गेलं.

आपल्याकडं पग घरोघरी माहीत झाला तो २००३ मध्ये. हच कंपनीच्या मोबाइलच्या जाहिरातीत एक लहान मुलगा जाईल तिथं हा कुत्रा त्याच्या मागं मागं जायचा. लोक त्याला पग म्हणतच नसत, ‘हचचा कुत्रा’ म्हणत. २००७ मध्ये हचची व्होडाफोन झाली, तरी ते नाव काही पुसलं नाही. मुलांनी हट्ट धरले, आईबापांनी ते पुरवले.

पण हा कुत्रा जाहिरातीत जन्मलेला नाही. तो मूळचा चीनचा. तिथल्या राजदरबारात आखूड तोंडाचे छोटे कुत्रे लाडानं पाळत. कपाळावरच्या सुरकुत्यांत ‘राजा’ या अर्थाचं चिनी अक्षर उमटलेलं दिसलं तर तो कुत्रा भाग्याचा, असं म्हणतात. सोळाव्या शतकात व्यापारी जहाजांबरोबर तो युरोपात गेला आणि हॉलंडच्या ऑरेंज घराण्याचा लाडका झाला. १६८९ मध्ये याच घराण्यातला विल्यम इंग्लंडच्या गादीवर बसला आणि तिकडं पगची चलती सुरू झाली. फ्रान्समध्ये जोसेफीननं पग पाळला होता. तिच्या लग्नाच्या रात्री हा कुत्रा खुद्द नेपोलियनलाच चावला, अशी आख्यायिका आहे!

मला मात्र यात महत्त्वाचा वाटतो तो एका चित्रातला पग. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकारानं १७४५ मध्ये स्वतःचं चित्र रंगवलं आणि शेजारी आपल्या ट्रम्प नावाच्या पगला बसवलं. लंडनच्या टेट संग्रहालयाकडं ते आहे. त्यातल्या ट्रम्पचं तोंड आजच्या पगसारखं चपटं नाही. ते चांगलं पुढं आलेलं आहे.

मग हे नाक गेलं कुठं? ते माणसाच्या आवडीनं आत ढकललं. १८७३ मध्ये इंग्लंडात केनेल क्लब निघाला, कुत्र्यांची प्रदर्शनं वाढली. गोल डोकं, चपटं तोंड, टपोरे डोळे म्हणजे जणू तान्हं बाळ! असेच कुत्रे निवडून त्यांची पैदास होत गेली. पिढ्यान् पिढ्या जबडा आखूड झाला, पण आतलं मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. घर लहान केलं आणि सामान तेवढंच ठेवलं, असा हा प्रकार. नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद, आणि टाळूचा मागचा मऊ भाग लांब होऊन श्वासाच्या वाटेत लोंबतो. श्वासाबरोबर तो थरथरतो, त्याचा आवाज म्हणजे आपण कौतुक करतो ते घोरणं. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजनं २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळलं, की श्वासाच्या या विकाराचा धोका पगला इतर कुत्र्यांच्या सुमारे ५४ पट असतो.

स्वभावानं मात्र हा प्राणी लाघवी. राखणीला तो फारसा उपयोगाचा नाही. त्याला फक्त माणूस हवा असतो. मुलांशी खेळतो, सावलीसारखा मागं फिरतो. खाण्याचा मोठा लोभी. केस आखूड असले तरी ते भरपूर गळतात.

ज्यांच्या घरी पग आहे त्यांनी काही गोष्टी जपाव्यात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि पगला नेमकं तेच नीट जमत नाही. म्हणून उन्हाळ्यात त्याला पहाटे किंवा रात्री उशिरा फिरवावं. बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नये. गळ्यात पट्टा नको, छातीवरून बांधायचा हार्नेस वापरावा. चेहऱ्याच्या घड्या रोज पुसून कोरड्या कराव्यात. डोळे पुढं आलेले असतात, त्यांना जपावं; डोळा लाल दिसला तर वाट पाहू नये. लाडानं बिस्किटं भरवू नयेत, कारण वजन वाढलं की श्वास आणखी कोंडतो. जीभ निळसर पडली किंवा धाप थांबेना, तर लगेच पशुवैद्य गाठावा.

आणि ज्यांना नव्यानं घ्यायचाय त्यांनी घाई करू नये. आपल्याकडच्या २०१७ च्या नियमांप्रमाणं पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पिल्लाची आई बघायला मागा. ती थोडं चालल्यावर तिचा श्वास ऐका, नाकपुड्या उघड्या आहेत का ते पाहा. सर्वांत चपट्या तोंडाचं पिल्लू सर्वांत गोड दिसेल. नेमकं तेच टाळा. गिऱ्हाइकांनी चपटं तोंड मागितलं म्हणून ते चपटं झालं. मागणी बदलली तर ते पुन्हा पुढंही येऊ शकतं.

हे सारं मी खालच्या आजोबांना भीत भीतच सांगितलं. चार दिवसांनी ते राजाला डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्याच्या नाकपुड्या रुंद करायची छोटी शस्त्रक्रिया झाली. आता दुपारी जिना चढताना मी त्यांच्या दाराशी क्षणभर थांबतो. आवाज अजून येतो, पण पूर्वीपेक्षा बराच हलका.