फुटाला चार मिलिमीटर

कोथरूडमध्ये भाऊ जोशींनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ला सुरू झालं. तिथं गाडी सुटली की सगळ्यांच्या माना इंजिनामागे वळतात. मी मात्र रुळांच्या कडेला रेंगाळतो. छोट्या रेल्वेची कुठलीही मांडणी पाहताना माझं हेच होतं. हा डोंगर कशाचा, हे झाड कुणी वळलं, भिंतीला पावसाचे ओघळ कसे दिले, हेच मनात येत राहतं. याच ओढीनं मी इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये, लाँग विटनम नावाच्या खेड्यात पोचलो. तिथं पेंडन नावाचं संग्रहालय आहे. गाड्या तिथंही धावतात आणि देखण्या आहेत, पण खरं काम झालंय ते रुळांच्या दोन्ही बाजूंना.

हे सगळं उभं केलं रॉय इंग्लंड यांनी. आडनाव इंग्लंड, पण माणूस ऑस्ट्रेलियाचा. १९२५ साली तरुण वयात इंग्लंडला आले आणि ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ या खोऱ्यात रमले. खडूच्या टेकडीवर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी कोरलेला एक पांढरा घोडा आणि टेकडीच्या पायथ्याच्या सखल मुलखात गवती छपरांची दगडी घरं, असं ते खोरं. रॉय पाहत होते तोवर ते बदलायलाही लागलं होतं. एका घराचं गवती छप्पर उतरवून त्यावर गुलाबी ॲस्बेस्टॉस चढलेलं त्यांनी पाहिलं आणि ते त्यांच्या जिव्हारी लागलं. मग घरं मोजणं, फोटो काढणं, टिपणं ठेवणं सुरू झालं. १९३०च्या आसपास हे खोरं जसं होतं तसं लहान करून जपायचं, हा ध्यास त्यांनी घेतला. १९५४मध्ये संग्रहालयाला सुरुवात झाली. १९९५ साली रॉय गेले. खोऱ्याचं काम स्वयंसेवक आजही पुढे नेत आहेत.

या वास्तूत जॉन अहर्न यांची ‘मॅडर व्हॅली’ ही छोट्या रेल्वेची मांडणीही आहे. ती घडत होती त्या काळी हौशी मंडळींचा सारा जीव इंजिनात आणि रुळांत असे. तेव्हा अहर्न यांनी रेल्वेभोवती अख्खा मुलूख वसवून दाखवला. देखावा ही रेल्वेची सजावट नव्हे, रेल्वे ही त्या मुलखातली एक रहिवासी, हे त्यांच्यामुळे पुष्कळांना उमगलं. पण त्यांचं खोरं कल्पनेतलं होतं, तिथं हवं तसं घर बांधायची मुभा होती. रॉय यांनी ती मुभा स्वतःला दिली नाही, आणि मला ते थोर वाटतात ते यासाठीच.

प्रमाण ठरलेलं आहे, फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे मूळ वस्तूच्या शहात्तराव्या हिश्शाएवढं. दिवाळीतल्या आपल्या मातीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी कुणाचं बिघडत नाही. इथं साडेपाच फुटी माणूस २२ मिलिमीटरचा, नऊ इंची वीट तीन मिलिमीटरची. घरांच्या भिंती पुठ्ठ्याच्या. त्यावर दगडाचा प्रत्येक सांधा कोरून प्रत्येक दगड जलरंगानं निराळा रंगवायचा, कारण खऱ्या भिंतीत दोन दगड एका रंगाचे नसतात. गवती छप्पर करायचं ते नळाच्या आट्यांना प्लंबर गुंडाळतो तसल्या तंतूंचं, जुड्या करून, खालून वर रचत. एकेका घरात माणसांचे महिनोन्महिने जातात.

रंगाचं गणित तर आणखी अवघड. एक मीटरवरून पाहिलेलं हे घर म्हणजे ७६ मीटरवरून पाहिलेलं खरं घर. तेवढ्या अंतरात हवा रंगाचा तजेला खाते. म्हणून खऱ्या विटेचा चुरा जरी लावला तरी तो भडक दिसतो. लाल जरा राखाडीकडे, हिरवा जरा फिक्याकडे न्यावा लागतो. किती, ते डोळ्यालाच कळतं. गवतासाठी हौशी मंडळी पूर्वी रंगवलेला लाकडाचा भुसा गोंदावर भुरभुरवत. आता नायलॉनचे तंतू विद्युतभारित करून सोडतात, ते गोंदावर ताठ उभे राहतात. पण चार मिलिमीटरचा तंतू म्हणजे फूटभर उंच गवत. गुरं चरून गेलेल्या कुरणाला ते चालत नाही. पाणी तर लहान होतच नाही. थेंब थेंबाएवढाच राहतो, तरंगही त्याच्याच मापाचा उठतो. त्यामुळे ओढा रंगवलेल्या तळावर चकाकीचे थर देऊनच करावा लागतो.

मला सर्वांत जास्त खिळवून ठेवलं ते झाडांनी. बारीक तारांचा जुडगा घ्यायचा, बुंध्यापुरता पीळ द्यायचा, मग तारा फोडून फांद्या, त्या फोडून डहाळ्या. तारेवर लेप देऊन साल उठवायची आणि पालवी सर्वांत शेवटी. इथवर हात बसला की जमतं. पण झाड कोणतं? १९३०च्या त्या खोऱ्याची क्षितिजरेषा एल्मची होती. शंभर फुटी एल्म, म्हणजे मांडणीत ४० सेंटिमीटर. शेतबांधावर उभे, अंगावर ढगांसारखे थर. १९६०च्या दशकाच्या अखेरीस एल्मवर बुरशीचा घातक रोग आला. सालीतले भुंगेरे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेत. ब्रिटनमधले अडीच कोटींहून अधिक एल्म त्यात गेले. खोऱ्यातल्या घरांची जोती तरी मोजायला उरली, एल्मचं तेवढंही उरलं नाही.

मुळांतून फुटवे अजून येतात. पण जरा जाड झाले, भुंगेरा शिरण्याजोगी साल आली, की मरतात. त्यामुळे आज चाळिशीतला इंग्रज माणूस पूर्ण वाढलेल्या बांधावरच्या एल्मखाली उभा राहिलेला नसतो. त्यानं तो तारेतून वळायचा कशावरून? फोटो आहेत, पण त्या काळचे बहुतेक कृष्णधवल. फांदीचा डौल त्यात सापडतो. ऑक्टोबरातला पिवळा किती गडद, ते सापडत नाही. ब्राइटनमध्ये शहरानं नेटानं जपलेले एल्म आहेत, ते जाऊन पाहता येतात. पण ते रस्त्याकडेचे आणि बागांमधले. बांधावरच्या एल्मच्या खालच्या फांद्या शेतकरी छाटत असत आणि त्या छाटणीनं झाडाची सावलीरेषाच वेगळी होई. ती रेषा ब्राइटनमध्ये नाही.

त्यात जे करून ठेवलंय तेही टिकवायचं आहे. जलरंग उजेडानं उडतो, म्हणून दिवे जपून लावावे लागतात. मंद उजेडात आलेला पाहुणा मग तीन मिलिमीटरच्या विटेवरचं काम पाहणार कसं? धूळ बसते, आणि ती प्रमाणात नसते. तिचा कण त्या गावात खड्याएवढा ठरतो. ब्रश फिरवला तर गवत निघून येतं. स्वयंसेवकांतल्या ज्यांनी ते खोरं लहानपणी स्वतः पाहिलं होतं, ते आता उरलेले नाहीत असं म्हणायला हरकत नाही. १९३०चं काही आठवणारा माणूस आज शंभरीजवळचा असेल. नव्या माणसाला रॉय यांची टिपणं आणि मापं यांवरच विसंबावं लागतं. जिथं त्यांनी नोंद ठेवली नाही, तिथं एक तर जागा मोकळी ठेवायची किंवा अंदाज करायचा. मोकळी जागा पाहुण्याला अपुरी वाटते, आणि अंदाज केला तर ते अहर्न यांच्यासारखं कल्पनेतलं खोरं होऊ लागतं. या दोहोंमधून वाट काढत एकेक बांध, एकेक झाड पुढे सरकतं, आणि म्हणूनच इतक्या दशकांनंतरही खोऱ्याचं काम चालूच आहे.