मोदकाची कृती कागदावर उतरवताना

घरात वर्षानुवर्षं होणारे उकडीचे मोदक कुणाला लिहून द्यायची वेळ आली की आपण बहुतेकदा एवढंच लिहितो: एक वाटी पिठी, एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. आपल्याकडे याच मापानं पांढरेशुभ्र, मऊ मोदक होतात. तीच कृती बहीण तिच्या घरी करते तेव्हा पारीच्या कडा फुटतात आणि परदेशातल्या भाचीच्या पातेल्यात उकडीची चिकट खळ होते. माप तिघींनीही तेच घेतलेलं असतं. फरक पडतो तो कृतीत न लिहिलेल्या गोष्टींमुळे, आणि त्या लिहून काढता येतात.

सुरुवात तांदळापासून करावी. आंबेमोहोर, इंद्रायणी किंवा बासमतीची कणी यांच्या पिठीला शिजल्यावर चिकटपणा आणि लवचीकपणा येतो. मोकळ्या भाताच्या तांदळाची पिठी तितकी साथ देत नाही. तांदूळ नवा की जुना हेही लिहायला हवं, कारण जुना तांदूळ पाणी जास्त पितो. घरची पिठी करताना तांदूळ धुऊन, सुती कापडावर सावलीत वाळवून मग दळतात. भिजून ठिसूळ झालेला दाणा बारीक दळला जातो आणि त्याची उकड गुळगुळीत होते. दुकानात मिळणारं तांदळाचं साधं पीठ बहुधा कोरडंच दळलेलं असतं. ते किंचित रवाळ लागतं आणि पाण्याचा हिशोब बदलतं. म्हणून ‘तांदळाची पिठी’ एवढ्यावर थांबू नये. कोणता तांदूळ, धुतलेला की नाही, घरची की पाकिटातली, हे एका ओळीत सांगावं.

आता माप. मराठीत पाककृतींची पुस्तकं तशी जुनीच: लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ 1910 साली प्रसिद्ध झालं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापांमुळे नवख्या हातांनाही ते वापरता आलं. वाटीचं बळ प्रमाणात आहे: पिठी आणि पाणी एकाच वाटीनं मोजलं, तर वाटी लहान की मोठी यानं बिघडत नाही. पण पिठी हलक्या हातानं भरली की ठोकून, यानं मात्र बिघडतं. 240 मिलिलिटरच्या कपात अलगद भरलेली पिठी साधारण 150 ते 160 ग्रॅम भरते, दाबून भरली तर बरीच जास्त. त्यामुळे वाटीशेजारी ग्रॅमही लिहावेत. परदेशी वाचकासाठी तर ते लागतातच, कारण कप कुठे 240 मिलिलिटरचा तर कुठे 250 चा, आणि ऑस्ट्रेलियात मोठा चमचा 15 ऐवजी 20 मिलिलिटरचा असतो.

आई किंवा आजी अंदाजानं करत असेल तर तिच्या हातात काटा देऊ नये. ती बिचकते आणि नेहमीसारखं करत नाही. पिठीचा, गुळाचा आणि मिठाचा डबा, तुपाचं आणि पाण्याचं भांडं आधी वजन करून ठेवावं, तिला तिच्या पद्धतीनं करू द्यावं आणि सगळं आटोपल्यावर पुन्हा वजन करावं. जो फरक येतो तेच तिचं माप. मीठ, तूप आणि मळताना हाताला लावलेलं पाणीसुद्धा यातून कळतं. हे पाणी बहुतेक कृतींतून निसटतं आणि बहिणीची पारी फुटते ती बऱ्याचदा त्याच्याचमुळे.

उकडीवर मात्र कृतीनं सावकाश बोलावं. गव्हात असतो तसा ताण धरणारा चिवटपणा तांदळात नसतो. पारीला वळण येतं ते शिजलेल्या पिष्टामुळे. तांदळाचं पिष्ट साधारण 65 ते 75 अंश सेल्सिअसला पाणी शोषून फुगतं आणि चिकट होतं. थंड पिठी पडताच पाण्याचं तापमान खाली येतं, म्हणून पाणी नुसतं गरम असून भागत नाही, खळखळून उकळलेलं लागतं. त्यातच मीठ आणि तूप घालायचं, आच मंद करून पिठी एकदम घालायची, उलथन्याच्या दांड्यानं भराभर ढवळायचं, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं दणदणीत वाफ आणायची. गॅस बंद केल्यावरही झाकण पाचेक मिनिटं काढायचं नाही. आतली वाफ कोरड्या राहिलेल्या पिठीपर्यंत पोचते ती याच वेळात.

मग मळणं. उकड गरम असतानाच मळतात, कारण निवताना शिजलेलं पिष्ट घट्ट होऊ लागतं आणि मग तडे जातात. हाताला सोसत नसेल तर आधी वाटीच्या बुडानं रगडावं, नंतर तेल-पाण्याचा हात लावून तळव्यानं. किती वेळ, हे मिनिटांत सांगण्यापेक्षा खूण सांगावी: लिंबाएवढा गोळा तळहातावर दाबला की कडा अखंड राहिल्या पाहिजेत. कडा फुटल्या तर पाण्याचा हात लावून आणखी मळावं. गोळा बोटांना चिकटून ओघळत असेल तर पाणी जास्त झालं. मळलेली उकड ओल्या फडक्याखाली ठेवावी.

सारणाचं थोडक्यात सांगता येतं. दोन वाट्या ओल्या खोबऱ्याला एक वाटी चिरलेला गूळ, वेलदोडा, जायफळ. कडेनं सुटू लागलं, पण ओलसर आहे, तेव्हाच उतरवायचं, कारण निवल्यावर ते आणखी आळतं. गोठवलेल्या खोबऱ्याला पाणी जास्त सुटतं, तिथं वेळ वाढवावा. भरताना सारण पूर्ण गार हवं, नाहीतर पारी आतून सैल पडते.

कळ्या पाडणं शब्दांनी शिकवणं अवघड आहे. तिथं छायाचित्र द्यावं. पण पारी मध्ये जाडसर आणि कडेला पातळ, आणि कळ्या चिमटून मग सगळ्या एकत्र वर मिटत आणायच्या, एवढं लिहायलाच हवं. मोदकपात्रात ठेवण्यापूर्वी मोदक पाण्यात बुडवून काढतात, त्यानं वाफेत पारी सुकून तडकत नाही. हळदीचं पान मिळालं तर खाली जरूर घालावं, त्याच्या वासाला दुसरा पर्याय मला आवडलेला नाही. दहा-बारा मिनिटांत मोदकांना तुकतुकी येते आणि ओलं बोट लावलं तर चिकटत नाही.

कृती लिहून झाली की ती कधीही मोदक न केलेल्या कुणाला तरी द्यावी, आपण शेजारी उभं राहावं आणि बोलू नये. ती व्यक्ती जिथे थबकेल, आपल्याकडे बघेल किंवा विचारेल, “आता आच किती ठेवू?”, “हे एवढंच सैल असतं का?”, त्या त्या जागी पेन्सिलीनं खूण करावी. रात्री भांडी आवरून झाल्यावर त्या खुणांपाशी बसावं आणि राहिलेली वाक्यं लिहावीत.