दीडशे किलोंची परीक्षा

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या टूल रूममध्ये सोनेरी ड्रिल आणि टॅप हमखास दिसतात. तो रंग टायटॅनियम नायट्राइडचा. थर जेमतेम दोन-चार मायक्रॉनचा, पण कडकपणा खालच्या हायस्पीड स्टीलच्या दुपटीहून जास्त. मात्र नुसता कडकपणा कामाचा नाही. थर धातूला घट्ट धरून राहिला पाहिजे. सुटला, तर त्याचेच कठीण कण धार खातात.

ही पकड तपासायला नवं यंत्र लागत नाही. ह्यू आणि स्टॅनली रॉकवेल यांनी १९१४ साली अमेरिकेत ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो हार्डनेस टेस्टर पुरतो. १२० अंशांचा हिऱ्याचा शंकू दीडशे किलोंच्या भाराने कोटिंगवर दाबायचा आणि खड्डा शंभरपट मोठा करून पाहायचा. दाबाखाली पोलाद वाहतं, खड्ड्याची कड फुगते. वरचा ठिसूळ थर तसा वाहू शकत नाही. तो तडकतो तरी किंवा सुटतो तरी.

खरी गंमत त्या कडेला आहे. खड्ड्याभोवती सूर्यकिरणांसारख्या बारीक भेगा दिसल्या की नवखा माणूस घाबरतो. पण भेगांच्या मधला थर सोनेरीच असेल, तर पकड उत्तम आहे. कडेलगत पापुद्रे उडून करडं पोलाद उघडं पडलं असेल, तर मात्र काळजी. जर्मन अभियंत्यांच्या संघटनेच्या ३१९८ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत या पकडीच्या सहा श्रेणी आहेत: एचएफ १ ते ४ चालतात, ५ आणि ६ नापास.

प्रयोगशाळांमध्ये स्क्रॅच टेस्टही होते. तसंच हिऱ्याचं टोक वाढत्या भाराने ओढत नेतात आणि थर कुठल्या भाराला सुटला ते न्यूटनमध्ये मोजतात. आकडा मिळतो म्हणून ती जास्त भरवशाची वाटते. पण तो आकडा थराच्या जाडीवर आणि खालच्या पोलादाच्या कडकपणावरही ठरतो. दोन वेगळ्या पोलादांवरचे आकडे शेजारी ठेवून कोटिंगची तुलना करणं मला चुकीचंच वाटतं.

पकड बिघडते ती बहुतेक वेळा कोटिंगच्या भट्टीत जॉब जाण्याआधी: राहिलेलं तेल, गंजाचा पुसट थर, ग्राइंडिंगमध्ये जळालेला पृष्ठभाग. सोनेरी रंगाखाली हे सगळं झाकलं जातं. म्हणून पुढच्या वेळी कोटिंगला माल द्याल, तेव्हा त्याच पोलादाचा, तितकाच कडक केलेला एक तुकडा सोबत द्या आणि बिलाबरोबर त्याच्या खड्ड्याचा फोटो मागून घ्या.