उपवासी माशाची माशी

ज्या घरांत मासा ताटांत येत नाहीं, त्या घरच्या मासिकांत मासे धरण्याच्या गळाची चर्चा पाहून वाचकांस, विशेषतः वडील मंडळींस, नवल वाटेल. परंतु स्कॉटलंडांतील सामन माशाची ही हकीकत पाकशास्त्राची नव्हे. म्हणूनच ती सांगण्याचें धाडस आम्ही करीत आहों.

सामन नदींत जन्मतो, समुद्रांत वाढतो आणि अंडीं घालण्यासाठीं पुनः आपल्या जन्मनदीस परततो. नदींत शिरल्यावर तो आहार सोडतो व महिनेच्या महिने निराहार राहतो. मग अशा उपवाशास आमिष तें कसलें दाखवावयाचें? गळावर पिसें, केस व रेशीम बांधून केलेली कृत्रिम ‘माशी’ त्याच्यासमोरून नेतात. ती तो तोंडांत कां धरतो, संतापानें कीं जुन्या संवयीनें, याविषयीं जाणत्यांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

ती निवडतांना जाणता मनुष्य आधीं आपल्या पेटीकडे न पाहतां पाण्याकडे पाहतो. वसंतारंभीं पाणी अतिशय थंड असतां मासा सुस्त होऊन तळाशीं राहतो. तेव्हां दोन-तीन इंचांची जड माशी बुडत्या दोरीनें त्याच्यापर्यंत खोल न्यावी लागते. पाण्याचें उष्णतामान सुमारें १० अंश सेंटिग्रेडच्या वर गेलें म्हणजे तोच मासा वर येऊं लागतो, आणि तरंगत्या दोरीवरची लहानशी, विरळ माशी पुरते. पाणी चढून गढूळ झालें तर मोठी, नारिंगी किंवा पिवळी. उतरून निवळशंख झालें तर लहान व काळसर, असा सर्वसाधारण संकेत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं डी नदीवर केर्न्टन येथें मासे धरणारे आर्थर वुड यांचाही अनुभव असा, कीं नमुन्यापेक्षां आकाराला महत्त्व अधिक.

गळाचा आंकडा नवख्यास फसवितो. आंकडा वाढतो तसा गळ लहान होतो. ४ क्रमांकाचा गळ १० क्रमांकाहून मोठा. दुहेरी गळ वेगवान प्रवाहांत माशीस स्थिर ठेवतो. तिहेरी गळ घट्ट धरतो खरा, पण सोडवितांना माशाला जखमही अधिक करतो. ही गोष्ट आज क्षुल्लक राहिलेली नाहीं. २०२३ सालीं जागतिक निसर्गसंरक्षण संघानें अटलांटिक सामनची गणना संकटाच्या उंबरठ्यावरील जातींत केली. स्कॉटलंडांत २०१६ पासून नद्यांची प्रतवारी होते, व जेथें मासे उणावले आहेत तेथें धरलेला प्रत्येक सामन परत पाण्यांत सोडणें बंधनकारक आहे. तेव्हां गळ एकेरी किंवा दुहेरी घ्यावा, आणि त्याचा उलटा काटा पक्कडीनें दाबून टाकावा, हेंच श्रेयस्कर.

पिसांची कथा मात्र निराळी. व्हिक्टोरिया राणीच्या काळीं या माश्यांसाठीं जगभरचे पक्षी मारले जात. ‘जॉक स्कॉट’ नामक प्रसिद्ध माशीच्या गालांवर आपल्या सह्याद्रींत आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरचीं, मेणासारख्या ठिपक्यांचीं पिसें असतात. या पक्ष्याला आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानें संरक्षण मिळालें. पण मोह संपला नाहीं. २००९ सालीं एका तरुण बासरीवादकानें असल्याच पिसांसाठीं इंग्लंडांतील ट्रिंगच्या संग्रहालयांतून २९९ पक्ष्यांचे जतन केलेले नमुने चोरले! आणि माशाला तर साधे रंगविलेले केसही चालतात. पाहुण्याचा उपवास असतां पक्वान्नें मांडून आपलीच हौस फेडण्यांत काय अर्थ, हें आमच्या वाचक-भगिनींस सांगावयास नकोच.

या कलेंत सर्वांत नांवाजलेली एक स्त्रीच होती. स्कॉटलंडच्या उत्तरेस ब्रोरा गांवाजवळ एका लहानशा घरांत मेगन बॉइड (१९१५–२००१) हिनें आयुष्यभर माश्या बांधल्या. त्याबद्दल १९७१ सालीं तिला राजपदकही मिळालें. परंतु त्या माश्या घेऊन ती स्वतः कधीं मासे धरावयास गेली नाहीं. जीव मारणें तिला आवडत नसे.