प्रत्येक कावीळ साधी नसते. पित्तनलिकेचा संसर्ग रक्तचाचण्यांतून वेळीच ओळखणे शक्य

बेंगळुरू : थंडी वाजून ताप आला आणि डोळे पिवळे दिसू लागले, की अनेक घरांत साधी कावीळ समजून पथ्य किंवा झाडपाल्याचे औषध सुरू होते. पित्तनलिकेला तीव्र संसर्ग झालेला असल्यास मात्र हा विलंब जिवावर बेतू शकतो.

पित्ताशयातून निसटलेला खडा, गाठ किंवा अरुंद झालेली नलिका यांमुळे आतड्याकडे जाणारे पित्त अडते. साचलेल्या पित्तात जिवाणू वाढतात आणि दाब वाढताच ते रक्तात शिरतात.

फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८७७ मध्ये ताप, कावीळ आणि पोटाच्या वरच्या उजव्या भागातील वेदना अशी या आजाराची तीन लक्षणे सांगितली. जपानमधील बहुकेंद्री अभ्यासात ही तिन्ही लक्षणे केवळ २६ टक्के रुग्णांत एकत्र आढळली. लक्षणे, रक्तचाचण्या व प्रतिमाचाचण्या यांची सांगड घालणाऱ्या २०१३ च्या ‘टोकियो’ निकषांनी सुमारे ९२ टक्के रुग्ण ओळखता आले. २०१८ मध्येही हेच निकष कायम ठेवण्यात आले.

या निकषांनुसार पांढऱ्या पेशी दहा हजारांहून अधिक किंवा चार हजारांहून कमी असणे, तसेच सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन प्रतिलिटर १० मिलिग्रॅम किंवा अधिक असणे हे दाहाचे निदर्शक आहे. बिलिरुबिन प्रतिडेसिलिटर २ मिलिग्रॅम किंवा अधिक असणे अथवा अल्कलाइन फॉस्फटेज, गॅमा जीटी यांसारखी यकृताची विकरे कमाल मर्यादेच्या दीडपटीहून अधिक वाढणे पित्त अडल्याचे सुचवते. दाह आणि अडथळा या दोन्हींची खूण मिळाल्यास संसर्गाचा संशय बळावतो. निश्चित निदानासाठी सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरसीपीमध्ये फुगलेली नलिका अथवा अडथळ्याचे कारण दिसावे लागते.

क्रिएटिनिन वाढणे, प्लेटलेट एक लाखाखाली जाणे किंवा रक्त गोठण्यास विलंब होणे ही अवयव निकामी होऊ लागल्याची चिन्हे होत. अशा रुग्णास प्रतिजैविकांसोबत दुर्बिणीद्वारे, म्हणजे ईआरसीपीने, पित्ताचा तातडीने निचरा करण्याची गरज असते.

इंदिरानगरसारखी महानगरातील वसाहत असो वा तालुक्याचे गाव, रक्तपेशींची गणना आणि यकृताच्या चाचण्या आज सहज होतात. थंडीतापासह कावीळ, पोटदुखी, गुंगी किंवा रक्तदाब घटणे यांपैकी काही आढळल्यास अहवालाची वाट पाहत घरी न थांबता रुग्णालय गाठणे आवश्यक आहे. वृद्धांमध्ये वेदना आणि ताप सौम्य असू शकतात. त्यांच्याबाबत अधिक दक्षता हवी.